गड बघण्याची रीत

मी गेले होते खोली बघायला आणि त्या बाईने बघितली माझी पाठ.

पाचाडच्या अलीकडे, रायगडाच्या पायथ्याला एक वाडी आहे. तिथल्या शाळेत माझी बदली झाली होती. महाडहून रोज स्कूटरवर ये-जा करून महिनाभरातच माझ्या कमरेने संप पुकारला, तेव्हा वाडीतच कुठे खोली मिळते का बघावी म्हटलं. कुणीतरी एका दाराकडे बोट दाखवलं आणि का कोण जाणे, हसलं. दारात साठी ओलांडलेली एक काटक बाई उभी होती. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, आणि मान अशी ताठ की डोक्यावर भरलेला हंडा असावा.

"मागं वळ," ती म्हणाली.

"अहो, मी खोलीसाठी आले होते..."

"खोली कुठं पळून चालली नाय. वळ तू."

दिवसभर पोरांना 'सरळ बसा, इकडे वळा' म्हणणारी मी, निमूटपणे वळले. माठ घेताना गिऱ्हाईक टिचक्या मारून बघतं तशी तिने मानेपासून कमरेपर्यंत माझी पाठ ठोकून पाहिली. मग दोन खांद्यांच्या मधोमध अंगठा रोवला आणि म्हणाली, "हितं मास्तरकी साठलीय. वह्या तपासतेस ना, वाकून?"

मी हो म्हटलं. खोटं बोलायची सोयच नव्हती.

"खोली देते. सकाळची पाऊण घंटा पाठ माझ्या ताब्यात राहील. जमत असंल तर सामान आण. नसंल तर बिरवाडीला कंपनीवाल्यांच्या खोल्या हायत, जा तिकडं."

मी सामान आणलं आणि तीन वर्षं राहिले. आता माझी बदली पोलादपूरकडे, आंबेनळी घाटाच्या तोंडाशी झाली आहे. इथे घरमालक भला माणूस आहे, त्याला माझ्या पाठीत काही रस नाही. पण अजूनही वह्यांवर फार वेळ वाकून बसले की दोन खांद्यांच्या मध्ये तो अंगठा टोचतो.

सगळी वाडी तिला काकी म्हणायची. काकीचं शालेय शिक्षण चौथीपर्यंत आणि योगशिक्षण फरशीपर्यंत झालेलं. नवरा मुंबईला नोकरीला होता तेव्हा तिने बावीस वर्षं एका योगवर्गाची फरशी पुसली. आसन कसं करावं हे तिला कुणी शिकवलं नाही. ते कसं करू नये हे मात्र तिने बावीस वर्षं रोज पाहिलं.

"मास्तर पुढं उभा राहायचा, त्याला सगळ्यांची तोंडं दिसायची," ती सांगायची. "तोंड काय गो, तोंडाला हसता येतं. मी खाली बसून पुसायची. मला टाचा दिसायच्या, गुडघे दिसायचे. टाचेला खोटं बोलता येत नाय."

कोणाची पाठ पुढच्या आठवड्यात धरणार, हे तिला म्हणे फरशीवरूनच कळायचं. जी बाई शेजारणीच्या चटईकडे बघून वाकते तिची आधी. जो माणूस पहिल्याच दिवशी फोटो काढायला सांगतो त्याची तिच्या पाठोपाठ. एकदा तिने एका गृहस्थांना पोछा हातात धरून सांगितलंही होतं, "साहेब, आज नका वाकू, तुमचे गुडघे थरथरतायत." साहेबांनी वर्गाच्या मालकाकडे तक्रार केली. पुढच्या आठवड्यात साहेब आले ते कमरेला पट्टा बांधून. काकी ही गोष्ट सांगताना सहानुभूतीने चुकचुकायची, पण डोळे हसत असायचे.

तिला योगाचं कौतुक होतं, पण भक्ती नव्हती. "आसनानं सगळे रोग जातात असं जो म्हणंल, त्याच्याकडून मीठ पण घेऊ नये. छाती उघडते, श्वास खाली पोटापर्यंत जातो, पाठीला आपलं काम आठवतं, आणि माणूस जरा कमी खेकसतो. याच्या वर कोण सांगत असंल तर तो कायतरी विकतोय."

कमी खेकसण्याबद्दल मी साक्ष देऊ शकते. माझ्या वर्गातली पोरं त्या वर्षी एकमेकांना विचारू लागली होती, बाईंना बरं नाही का?

तिचं आवडतं आसन म्हणजे उष्ट्रासन. गुडघ्यांवर उभं राहायचं आणि छाती वर उचलत मागे झुकायचं. ती त्याला नुसतं 'उंट' म्हणायची. उंट तिने जुहूच्या चौपाटीवर पाहिला होता आणि 'त्याची सोताची पाठ पण काय सरळ नाय' असं तिचं त्याच्याविषयी मत होतं. पण पहिले पंधरा दिवस तिने मला उंटापर्यंत पोचूच दिलं नाही. पोटावर निजवायची आणि छाती फक्त चार बोटं उचलायला लावायची.

"काकी, भुजंगासनात एवढंसंच?"

"नाग काय रोज फणा काढतो? बराच वेळ तो नुसता डोकावतो. डोकाव."

मग एकदाची मी गुडघ्यांवर आले. गुडघ्यांखाली घडी घातलेली घोंगडी, दोन गुडघ्यांत वीतभर अंतर, तोंड भिंतीकडे, मांड्या भिंतीला टेकलेल्या, दोन्ही तळहात कमरेच्या खाली टेकूसारखे. "मांडी भिंतीपासून सुटली की उंट पडला," अशी सक्त ताकीद. मी नवशिक्याच्या उत्साहाने कमरेतूनच मागे कलले, तर पाठीवर पट्कन चापट बसली.

"कंबर मोडू नको. आधी वर जा, मग मागं. वर जायच्या आधी जो मागं जातो, तो दवाखान्यात जातो."

मान मागे टाकलेली तिला बिलकूल खपायची नाही. "मान काय खुंटीवरची पिशवी हाय का, लोंबत सोडायला?" आणि तिचं सर्वांत लाडकं वाक्य, जे ती दर अर्ध्या मिनिटाला म्हणायची, ते म्हणजे "दात सोड." तिच्या मते माणूस पाठीने कमी आणि दातांनी जास्त वाकतो. दात आवळले की समजायचं, अंगाच्या ताकदीबाहेर चाललंय.

त्याहून भयंकर म्हणजे ती आसनात असताना प्रश्न विचारायची. बोलता येतंय तोवर श्वास चालू आहे, बोलणं अडलं की मुकाट्याने परत यायचं, हा तिचा नियम. नियम उत्तम. पण प्रश्न काय असावेत? भाजी कुठली केलीस, इथपासून सुरुवात. मग लग्न का केलं नाहीस, तो महाडचा पोस्टातला माणूस रविवारी कशाला आला होता, मुख्याध्यापक तुझ्यावर का चिडून असतात. छाती आकाशाकडे करून गुडघ्यांवर उभ्या असलेल्या माणसाला थापा सुचत नाहीत. पोस्टातल्या माणसाची सगळी हकीकत मी अशीच चार हप्त्यांत सांगून टाकली. परत येताना हाताच्या टेकूने, छाती आधी, डोकं सगळ्यात शेवटी, आणि लगेच टाचांवर बसून डोळे मिटायचे. तेवढ्या वेळात ती ऐकलेल्या माहितीवर विचार करायची आणि डोळे उघडले की निकाल द्यायची. "पोस्टातला नको. त्याला घाई हाय."

टाचांना हात मला चार महिन्यांनी लागले. तोवर मी कुरकुर केली की ती म्हणायची, "टाच तिथंच राहणार गो बाय, ती काय कामाला मुंबईला नाय चाललेली."

आता तिच्या जावेबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं जावेपायी घडलं.

काकी धाकटी. थोरली जाऊ शेजारच्या घरात, मध्ये फक्त एक कुडाची भिंत. दोघी एकमेकींशी नऊ वर्षं बोलत नव्हत्या. कारण असं की दोन भावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा सासूच्या स्वयंपाकघराचीही वाटणी झाली, आणि पंचांनी मोठ्या न्यायबुद्धीने एका घरी पाटा दिला आणि दुसऱ्या घरी वरवंटा. वाटण कुणाचंच होईना. 'तिने आपणहून द्यावा' म्हणून दोघी अडून बसल्या, दोघींनी मिक्सर घेतले आणि बोलणं कायमचं मिटलं.

तरी संभाषण चालू असायचं, ते थोरलीच्या म्हशीमार्फत. "म्हशे, कुणाच्या तरी कोंबड्या आपल्या वाफ्यात शिरल्यात गो," असं थोरली अंगणातून मोठ्याने म्हणायची. मग काकी माझ्याकडे वळून तेवढ्याच मोठ्याने म्हणायची, "मास्तरीणबाय, म्हशीला सांग, वाफ्याला कुंपण नाय." म्हैस बिचारी रवंथ करत दोन्हीकडे बघायची. मीही साधारण तेच करायचे.

पण एक गोष्ट मी पाहत होते. थोरली अंगणातून चालली की काकी हातातलं काम थांबवून तिच्या पाठीकडे बघत राहायची. थोरली कमरेत वाकत चालली होती. चाळीस वर्षांची आवणी तिच्या पाठीत उतरली होती. आवणी म्हणजे भाताची रोपं चिखलात लावायची, दिवसभर ओणवं राहून, आणि हे दरवर्षी महिना-महिना.

"आमची सासू शेवटी काटकोनात चालायची," काकी एकदा चहा पिताना म्हणाली. त्या दिवशी तिच्या आवाजात मस्करी नव्हती. "मान वर करता यायची नाय तिला. माणसं पायांवरनं वळखायची. मी मुंबईहून यायची तर माझ्या पायाकडं बघून म्हणायची, आलीस गो? माझं तोंड तिनं शेवटची सहा वर्षं बघितलं नाय. गेली तवा तिला सरळ निजवायला चौघं लागले." कप खाली ठेवून ती म्हणाली, "मी तिथं बायांच्या टाचा बघत व्हते आणि हितं सासूचं सगळं थोरलीनं केलं. आता थोरली तशीच चाललीय."

"मग तिला शिकवा ना."

"मी सांगितलं म्हणून ती पाणी पण पिणार नाय."

खरंच होतं ते. आणि नुसती थोरलीच नाही, वाडीतली एकही बाई तिचं ऐकायला तयार नव्हती. छाती वर करून मागे वाकायचं म्हणताच बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. "या वयात काय शोभतं का गो काकी!" पुढे वाकून जन्म काढला त्याची कुणाला लाज नव्हती, मागे वाकायची मात्र होती.

मी तिथे गेले त्याच्या पुढच्या आवणीत काकीने चमत्कार केला. शाळेला सुट्टी होती म्हणून मीही चिखलात उतरले होते, म्हणजे रोपांच्या मुठी इकडून तिकडे फेकण्याइतकी. भाताचं एक खाचर लावून संपलं, बाया बांधावर आल्या, आणि काकी गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "थांबा. सासूबाईंनी मला सांगून ठेवलेलं, एवढी वर्षं मी बोलले नाय. काल सपनात येऊन रागावल्या. गावदेवीची आज्ञा हाय, एक खाचर लावून झालं की लावणारणीनं बांधावर उभं राहून गड बघायचा. पार वरचं टोक. नाय बघितला तर रोपाला कीड."

गड आमच्या डोक्यावरच होता. त्याचं वरचं टोक बघायचं तर मागे झुकल्यावाचून इलाज नाही. शिवाय आवणीच्या दिवसांत गड ढगात असतो, त्यामुळे टोक शोधायला आणखी वेळ लागतो. "दिसत नाय गो!" बाया म्हणाल्या. "दिसत नसला तरी हाय तिथंच," काकी म्हणाली, "हात कमरंला लावा नि बघा. दोन पायांत वीतभर अंतर. छाती वर घेऊन. घाई केलीत तर देवी मोजत नाय."

कीड म्हटल्यावर कोण ऐकत नाही? बारा बाया प्लास्टिकच्या खोळी डोक्यावरून मागे सारून, कमरेवर हात ठेवून, पावसाचे थेंब झेलत ढगाकडे बघत उभ्या राहिल्या. पलीकडच्या बांधावर, काकीकडे न बघता, थोरलीही उभी राहिली. काकी माझ्या कानात म्हणाली, "टाचा बघ तिच्या. दोन्ही टेकल्यात. शाब्बास."

मी नंतर तिला फैलावर घेतलं. देवीच्या नावावर एवढी धडधडीत थाप! तिला त्याचं काही वाटलं नाही. "मी आधी कौल लावला व्हता," ती म्हणाली. आमच्याकडे देवीच्या मूर्तीला फूल चिकटवून प्रश्न विचारतात. उजवीकडचं पडलं तर हो, डावीकडचं पडलं तर नाही.

"मग? उजवं पडलं?"

"कुठलंच पडलं नाय. अर्धा घंटा बसले. म्हणजे देवी नको असं काय म्हणाली नाय."

त्याच आठवड्यात गडावर जाणारी एक गाडी रस्त्याच्या कडेला थांबली. आतल्या मंडळींनी भराभर फोटो काढले. आठ दिवसांत ते फोटो मुंबईला गेलेल्या नातेवाइकांच्या फोनवरून वाडीत परत आले. खाली लिहिलं होतं, 'गडाला मान देणारी शेकडो वर्षांची परंपरा'. बस, शिक्कामोर्तब झालं. ज्या बाया आठ दिवसांपूर्वी हे प्रथमच करत होत्या, त्याच मला सांगू लागल्या, "आमच्यात पहिल्यापासून हाय हे." मुंबईहून आलंय म्हणजे खरंच असणार, हा आमच्या वाडीचा फार जुना विश्वास आहे.

दुसऱ्या आवणीपर्यंत तर नव्या सुनांना घरातून ताकीद मिळू लागली की गड नीट बघत जा. मला मात्र दिसत होतं की थोरली हळूहळू अंगणातून मान वर करून चालू लागली आहे. फार नाही, चार बोटं. एक दिवस तिने म्हशीशी बोलताना आमच्या खिडकीकडे सरळ पाहिलं. काकी चुलीशी जाऊन उगाच लाकडं सारत बसली. धुराने डोळे चुरचुरतात असं म्हणाली. चूल पेटलेलीच नव्हती.

आणि मग थोरलीचा मुलगा आला. वय चाळीस, मुंबईला नोकरी, पोट सुखवस्तू. तिसऱ्या आवणीला सुट्टी काढून मदतीला आला. मदत म्हणजे तांदळाचे वडे आणि कोंबडीचा रस्सा यथास्थित जेवून तो बांधावर गेला आणि फोन एकाच्या हातात देऊन म्हणाला, "घे रे, रील बनव. बायका करतात ते काय, आपण फुल करू." आणि हातांनी टाचा पकडायला म्हणून तो उभ्याउभ्या मागे वाकला. चिखलाने भरलेला बांध तो. वाकला तो तसाच खाचरात गेला आणि तिथेच ओरडत पडून राहिला. टेम्पोतून त्याला महाडला नेला. हाड मोडलं नव्हतं, पण पाठीचा स्नायू असा धरला होता की डॉक्टरांनी दहा दिवस पलंगावरून उठायचं नाही म्हणून सांगितलं. रील मात्र फार चालली म्हणे.

वाडीत एकच बोलणं सुरू झालं. देवी कोपली, विधीत चूक झाली. गावकीची बैठक बसली. गावकी म्हणजे वाडीतल्या जुन्या घरांची पंचायत. देवळाचे, पालखीचे, मानपानाचे निर्णय तीच करते. रविवारी सकाळी देवळात सगळे जमले आणि मला वही लिहायला बोलावलं. मास्तरीण म्हणजे अक्षर चांगलं, एवढाच माझा अधिकार.

काकी माझ्या शेजारून चालताना एकदाच बोलली. "देवीच्या नावावर खोटं बोलली म्हणून ठरलं, तर शिमग्याला पालखी माझ्या दारात येणार नाय. ती नाय आली तर नाय आली. पण उद्यापासून बाया वाकायच्या थांबतील. थोरली तर आधी." मी तिला घाबरलेली पहिल्यांदाच पाहत होते, आणि मला स्वतःलाही धडकी भरली होती, कारण खरं काय ते तिच्याशिवाय फक्त मला ठाऊक होतं.

अध्यक्ष म्हातारे होते, पण बोलायला मऊ. ते म्हणाले, "काकी, सासूबाईंनी तुला सांगितलं म्हणतेस. मग नीट विधी काय तो सांग, म्हंजे पुन्हा कुणाचं असं नको व्हायला. बाई, तुम्ही लिवा."

काकीने डोळे मिटले. आणि मग बावीस वर्षांची फरशी बोलू लागली.

"रिकाम्या पोटी करायचं," ती म्हणाली. "जेवल्यावर तीन-चार घंटे नाय. जेवून केलेलं देवीला चालत नाय."

"वडे खाल्लेले त्यानं," मागून कुणीतरी म्हणालं. सगळ्यांनी मान हलवली. मी लिहिलं.

"कोरड्या, सपाट जागी उभं राहायचं. हात कमरंला टेकू. आधी छाती वर, मग मागं. टाचा धरायला जायचं नाय, गड टाचंत नाय, वर हाय. मान टाकायची नाय. तोंडानं देवीचं नाव घेत राहायचं, नाव अडलं की परत यायचं. परत येताना गेलो त्याहून सावकाश. दुखलं तर देवी नको म्हणते असं समजायचं आणि त्या दिवशी नुसतं हात जोडायचं."

"गर्भार बाईनं?" एका सासूने विचारलं.

"तिनं नुसतं जागेवरनं बघायचं, वाकायचं नाय. ज्याचं पोटाचं ऑपरेशन झालंय, ज्याला चक्कर येते, ज्याचं बीपी वर असतं, ज्याच्या मानेला-पाठीला आधीची जखम हाय, त्यानं आधी डॉक्टरला विचारायचं."

"डॉक्टरला?" कुणीतरी शंका काढली. "देवीचं काम डॉक्टरला?"

"सासूबाई शिकलेल्या नव्हत्या, पण शहाण्या व्हत्या," काकी न डगमगता म्हणाली.

अध्यक्ष खाकरले. "आपलं सहज विचारतो. अंतर्गळ असलेल्यानं?"

"त्यानं बसून गड बघायचा, भाऊ. बसून बघितलेला पण देवीला पोचतो." साऱ्या देवळाला अध्यक्षांचं दुखणं कळलं, आणि सगळ्यांनी छताकडे बघितलं. मी खालमानेने लिहीत राहिले, कारण हसू दाबताना माझेच दात आवळले होते.

वही भरत आली आणि मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात कोपऱ्यातला एक जण उठला. "सगळं बरोबर हाय. पण माझ्या आयशीनं पन्नास वर्षं आवणी केली, तिनं कवा गड बघितलेला मला आठवत नाय. ही रीत व्हती कवा? धाकटी तर तवा मुंबईला व्हती. सासूपाशी शेवटपर्यंत थोरली व्हती. तिलाच विचारा."

थोरली बायांच्या पहिल्या रांगेत बसली होती, तिचा मुलगा घरी पलंगावर पडलेला. काकी जमिनीकडे बघत होती. अध्यक्षांनी विचारलं, "थोरले, तू सांग. सासूनं असं सांगितलेलं का?"

थोरली खांबाला धरून उठली. सावकाश, पण सरळ उठली. क्षणभर तिने देवीकडे पाहिलं.

"सांगितलेलं," ती म्हणाली. "शेवटच्या दुखण्यात. मलाच सांगितलेलं. माझं लक्ष राहिलं नाय आणि धाकटीनं ध्यानात ठेवलं."

माझी लेखणी थांबली. त्या आजारी सासूच्या उशाशी सहा वर्षं बसलेल्या या बाईला ही थाप आहे हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. सगळं ठाऊक असून ती तीन आवण्या प्रत्येक बांधावर कमरेवर हात ठेवून ढगाकडे बघत उभी राहिली होती.

"पण धाकटीनं तुम्हाला सगळं नाय सांगितलं," थोरली पुढे म्हणाली. "सासूबाई असं पण म्हणालेल्या, की दोघी जावांनी एकाच बांधावर उभं राहून गड बघायचा. निराळ्या बांधांवरनं बघितलेला देवी धरत नाय."

काकीने मान वर केली. नऊ वर्षांत पहिल्यांदा ती थेट थोरलीकडे बघत होती, मध्ये म्हैस नाही, मी नाही.

"हां," ती म्हणाली. "म्हणालेल्या खऱ्या. मीच विसरले व्हते."

"बाई, तेवढं पण लिवा," अध्यक्ष म्हणाले. मी लिहिलं. डोळे भरून आल्यामुळे ती ओळ इतकी वेडीवाकडी आली की वर्गातल्या कुठल्या पोराने तशी लिहिली असती, तर मी त्याला दहा वेळा परत लिहायला लावली असती.